बसवायला दहा मिनिटं, पुढे काय?

नमस्कार. समोर निम्मी इंजिनिअरिंगची मुलं दिसतायत आणि निम्मे धंदापाणी सांभाळणारे. दोघांनाही लागू पडेल असं उदाहरण घेतो. आपल्या दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार समजा. युरोपला माल पाठवायचा तर फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, रेसिड्यू तपासणीचे रिपोर्ट जपावे लागतात. नोंदवहीच्या पानांचे फोटो, औषधांची बिलं आणि पुतणीच्या लग्नाचे फोटो, सगळं एकाच फोनमध्ये. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. १५ जीबी भरले की पैसे मोजा. मुलगा म्हणाला, बाबा, जुना लॅपटॉप नुसता पडून आहे, त्यावर आपलंच इमिच बसवू, म्हणजे गूगल फोटोजसारखं, पण आपल्याच मशीनवर चालणारं ॲप.

बसवलंही. हे काम आता खरंच सोपं झालंय. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि प्रत्येक प्रोग्रॅमचा संसार त्याच्यासोबत बांधून यायला लागला. कम्पोज फाइल, म्हणजे काय काय चालवायचं त्याची यादी, उतरवायची, एक कमांड द्यायची. कासाओएस आणि उम्ब्रेल या घरच्या सर्व्हरसाठीच्या प्रणालींनी तीही कटकट संपवली, चित्रावर क्लिक केलं की ॲप हजर. मला याला नावं ठेवायची नाहीत. पण सोपेपणाची जवळजवळ सगळी मेहनत त्या पहिल्या दहा मिनिटांवर खर्च झालीय, आणि नवशिका अडकतो तो नंतर. म्हणून इथल्या ॲप बनवणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, की तुमचं ॲप किती लवकर बसतं हे मला दाखवू नका. लॅपटॉप जळाला तर ते दुसऱ्या मशीनवर कसं उभं राहतं, ते दाखवा.

आधी रस्त्याचं बोलू. बागेत उभं राहून घरचे फोटो बघायचेत. मुलगा व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो, म्हणजे बाहेरून घरच्या मशीनपर्यंत यायला दार उघडून देतो. सगळं बरोबर करतो आणि तरीही काही उघडत नाही. कारण बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तो याच कामासाठी राखून ठेवलेला पत्ता आहे. तिथे पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येणार नाही. टेलस्केलसारखं आपली मशीन खासगी नेटवर्कने जोडणारं काही वापरलं की प्रश्न मिटतो, कारण त्यात घरचं मशीन स्वतःहून बाहेर जोडणी करतं. आता मला सांगा, हे तपासायला प्रोग्रॅमला किती वेळ लागेल? एक सेकंद. मग "कनेक्शन टाइम्ड आउट" असं कोरडं छापण्याऐवजी "तुमच्या लाइनवर बाहेरून येण्याची सोय नाही, हा दुसरा मार्ग घ्या" एवढं मराठीत लिहायला काय हरकत आहे?

अजून एक, भाड्याचा सर्व्हर घेणाऱ्यांसाठी. यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकरने उघडलेलं पोर्ट त्या नियमांना वळसा घालून जगाला दिसतं. कम्पोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त याच मशीनचा आतला पत्ता, लिहा. नवशिक्याला हे कुठून सुचणार? ते आधीच लिहून दिलेलं असायला हवं.

आता खरा विषय, डेटा. डॉकर ॲप ज्या डब्यात चालवतं तो कंटेनर टाकाऊ असतो, तो पुसून नवा आणता येतो. जपायचं ते बाहेर, व्हॉल्यूम नावाच्या वेगळ्या साठ्यात असतं. पण "माझे फोटो नेमके कुठे आहेत?" या प्रश्नाला किती ॲप आपल्या पहिल्या पानावर उत्तर देतात? साफसफाईच्या नादात कोणी ॲप बंद करणाऱ्या "डाउन" कमांडला "-v" जोडलं की नाव दिलेले व्हॉल्यूमही जातात, आणि डॉकर एका शब्दाने विचारत नाही. इमिचचंच घ्या. फोटो एका फोल्डरमध्ये, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. नुसतं फोटोंचं फोल्डर कॉपी केलं तर फोटो परत येतील, "काका" कोण हे येणार नाही. इमिच आता डेटाबेसची प्रत आपणहून काढून ठेवतं, ही चांगली गोष्ट. मात्र ती प्रत त्याच डिस्कवर पडते. डिस्क गेली की दोन्ही गेले. आपल्याकडे वीज कशी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. लिहिता लिहिता वीज गेली की डेटाबेसचं काय होतं, ते मात्र सांगावं लागतं. लॅपटॉपची जुनी बॅटरी टिकत नसेल तर आधी छोटा यूपीएस घ्या, मोठी डिस्क मागाहून.

अपडेटचंही तसंच आहे. कम्पोज फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी "लेटेस्ट" लिहिलेलं असतं, वर्षभर कोणी हात लावत नाही आणि एक दिवस सगळं एकदम ओढलं जातं. नेक्स्टक्लाउड या फाइली साठवणाऱ्या ॲपला मुख्य आवृत्त्या गाळून पुढे जाता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली तर जुना डेटा तसाच ठेवून ते सुरूच होत नाही. इथे यूनोहोस्ट या घरच्या सर्व्हरसाठीच्याच दुसऱ्या प्रणालीकडून शिकण्यासारखं आहे. ॲप अपडेट करण्याआधी ते त्याचा बॅकअप घेतं आणि अपडेट फसलं तर मागच्या स्थितीत आणून ठेवतं. दिसायला ते कासाओएसइतकं देखणं नाही, पण नवशिक्याला मी तेच सुचवेन.

शेवटचा मुद्दा त्या बागायतदाराचा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. आता घरी कोण बघणार? इमिच मुळात फोटोंना यांत्रिक नावं देऊन ठेवतं. सेटिंगमध्ये स्टोरेज टेम्प्लेट चालू केलं की फोल्डर वर्ष आणि तारखेने लागतात. म्हणजे इमिच बंद पडलं तरी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फवारणीच्या पानाचा फोटो सापडतो. हे पहिल्याच दिवशी चालू करा. आणि एका कागदावर डिस्क कोणती, बॅकअप कुठे, पासवर्ड काय, एवढं लिहून तो सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल घरात सगळ्यांना माहीत असते.

आता प्रश्न घेऊ.