झिरो-बावन्न-चौतीसच्या पुड्यात फॉस्फरस किती?

(द्राक्षबागायतदार आणि कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, झिरो-बावन्न-चौतीस हे खत तुम्ही ड्रिपमधून सोडता, फवारता. नावातले आकडे म्हणजे पुड्यावर छापलेले नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश यांचे टक्के, हे मी सांगायला नको. आज फक्त त्याच्या एक किलोच्या पुड्यात फॉस्फरस किती ग्रॅम आणि पोटॅशियम किती ग्रॅम, ते काढू. उत्तर ५२० आणि ३४० नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात युरियापासून करू, तो सोपा आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. अणुवस्तुमानं अनुक्रमे १२, १६, १४ आणि १. म्हणजे १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, झाले ६०. हे रेणुवस्तुमान. त्यातला नायट्रोजनचा वाटा २८. अठ्ठावीस भागिले साठ म्हणजे ४६.७ टक्के. परीक्षेत पोरं घाईत २८ ऐवजी १४ घेतात आणि २३ टक्के काढून मोकळी होतात! रेणूत अणू किती, ते आधी मोजायचं. गोणीवर ४६ छापतात, कारण कारखान्याच्या मालात थोडा ओलावा आणि थोडं बाययुरेट (युरिया तापून तयार होणारा उपपदार्थ) असतंच. गोणी आता ४५ किलोची, म्हणजे नत्र २०.७ किलो. पन्नास किलोची जुनी गोणी डोक्यात ठेवून जे डोस मोजतात, त्यांचं गोणीमागे २.३ किलो नत्र कागदावरच राहतं.

रीत एवढीच आहे. आता हीच रीत झिरो-बावन्न-चौतीसला लावू.

हे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पोटॅशियम एक, हायड्रोजन दोन, फॉस्फरस एक, ऑक्सिजन चार. ३९, २, ३१ आणि ६४, बेरीज १३६. फॉस्फरस ३१ भागिले १३६, म्हणजे २२.८ टक्के. पोटॅशियम २८.७ टक्के. शुद्ध मालाच्या एका किलोत २२८ ग्रॅम फॉस्फरस आणि २८७ ग्रॅम पोटॅशियम. आणि ऑक्सिजन? तब्बल ४७ टक्के. महागाच्या पुड्यातला जवळजवळ निम्मा माल ऑक्सिजनच आहे, पण त्याला इलाज नाही. फॉस्फरस नुसता देता येत नाही.

मग ५२ आणि ३४ आले कुठून? जुने रसायनशास्त्रज्ञ खनिजं आणि राख तपासून त्यातले घटक ऑक्साइडच्या रूपात मांडत. खतांच्या व्यापारानं तीच पद्धत धरून ठेवली. फॉस्फरसचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे पाच, असं ऑक्साइड कल्पायचं; खतांच्या भाषेत हाच स्फुरद. त्याचं वस्तुमान १४२, त्यात फॉस्फरस ६२, म्हणजे ४३.७ टक्के. पोटॅशियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, हे पालाश, वस्तुमान ९४. त्यात पोटॅशियम ७८, म्हणजे ८३ टक्के. आता २२.८ ला ०.४३७ नं भागा, ५२ येतात. २८.७ ला ०.८३ नं भागा, साडेचौतीस येतात. पुड्यात ही दोन्ही ऑक्साइडं चिमूटभरसुद्धा नसतात.

बावन्न आणि चौतीस मिळून शहाऐंशी. उरलेले चौदा कुठे गेले, असं एका विद्यार्थ्यानं मघाशी विचारलं. प्रश्न चांगला आहे. दोन रेणू घ्या, वस्तुमान २७२. त्यातून १४२ आणि ९४ वजा करा, उरतात ३६. पाण्याचे बरोबर दोन रेणू! ते झाले तेरा टक्के, बाकीची थोडी सूट छापील आकड्यांनी घेतलेली. पुडा मात्र कोरडाच असतो. हे पाणी हिशेबातलं.

माझ्या मते ही पद्धत कधीच मोडीत निघायला हवी होती. नत्र मूलद्रव्याच्या रूपात, सुपर फॉस्फेटच्या गोणीवर ११ टक्के गंधकही मूलद्रव्याच्याच रूपात, आणि त्याच गोणीवर स्फुरद १६ टक्के तेवढा ऑक्साइडच्या रूपात. एका गोणीवर दोन हिशेब! ऑस्ट्रेलियात थेट मूलद्रव्य लिहितात, त्यामुळे आपला १८:४६:० डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) तिथे १८:२०:० होतो. माल तोच. आपल्या पन्नास किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो, पण फॉस्फरस १० किलोच.

तुम्हाला याचा फटका बसतो तो देठ परीक्षणाच्या (पानांच्या देठातली अन्नद्रव्यं तपासतात त्या) आणि माती परीक्षणाच्या अहवालात. देठाच्या अहवालात फॉस्फरस आणि पोटॅशियम मूलद्रव्य म्हणून टक्क्यांत येतात, खताची शिफारस मात्र ऑक्साइडमध्ये. मातीच्या अहवालात तर कुठे हे रूप, कुठे ते. फॉस्फरसवरून स्फुरद काढायचा तर २.२९ नं गुणा, पोटॅशियमवरून पालाश काढायचा तर १.२ नं. पालाशात गफलत झाली तर फरक वीस टक्क्यांचा. स्फुरदात झाली तर सरळ दुपटीच्या वर, आणि तोही खर्चिक खतात. तेव्हा अहवालावर रूप लिहिलेलं नसेल, तर खत विकत घेण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून विचारा.