इंजेक्टरची पाईप गळते तेव्हा नट आणखी आवळू नका

नमस्कार मंडळी.

ही बघा, डिझेल इंजिनाची इंजेक्टर पाईप. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलची बारीक फवारणी करणारा भाग, ही पाईप त्याला डिझेल पोचवते. बाहेरून सहा मिलिमीटर जाड, आतलं छिद्र २.४ मिलिमीटर. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं अशा इंजिनात, हिच्या आत २००० बारपर्यंत दाब असतो. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण दोन टन. आणि जोडावर काय आहे? रबर नाही, वॉशर नाही, टेप नाही. लोखंडावर लोखंड बसवलंय, बस्स. तरीही डिझेलचा थेंब बाहेर येत नाही. हे कसं जमतं, आणि इंजिनात जागा कमी असताना अशी पाईप कशी आखतात, ते आज बघू.

(पाईपचं टोक कॅमेऱ्याजवळ)

टोकाकडे बघा. पाईपचंच पोलाद थंड असताना ठोकून ही गोलसर मुंडी घडवलीय. समोर इंजेक्टरमध्ये ६० अंशांची शंकूसारखी खोलगट बैठक असते. मुंडी त्यात बसली की दोघांचा स्पर्श एका अरुंद वर्तुळापुरताच होतो. नट आवळला की त्या वर्तुळावरचा धातू किंचित दबतो आणि तिथेच वाट बंद होते. आट्यांचं काम फक्त ओढून धरायचं. म्हणून आट्यांवर टेप गुंडाळून इथली गळती कधीच थांबत नाही. उलट टेपचा एखादा तुकडा आत गेला, तर इंजेक्टरच जातो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आतला दाब त्या मुंडीला बैठकीतून मागे ढकलत असतो. किती जोराने? स्पर्शाचं वर्तुळ सहा मिलिमीटर व्यासाचं धरा. २००० बारला हा जोर होतो साधारण ५,६५० न्यूटन, म्हणजे पावणेसहाशे किलोचं वजन. तेच वर्तुळ चार मिलिमीटरचं करा. जोर २,५०० न्यूटनवर येतो, अडीचशे किलो. व्यास दोन मिलिमीटरनेच कमी झाला, पण जोर निम्म्याहून खाली आला! जोर कमी म्हणजे नट लहान चालतो, नट लहान म्हणजे पाना फिरवायला जागा कमी लागते. लहान जोड म्हणजे कच्चा जोड, असं पुष्कळांना वाटतं. इथे तर आटोपशीरपणा आणि गळती रोखणं एकाच बाजूला उभे आहेत.

मग पाईपही बारीक करत जायची का? इथे मात्र थांबा. बाहेरचा व्यास सहा मिलिमीटरच ठेवून छिद्र २.४ वरून तीन मिलिमीटर केलं, तर २००० बारला आतल्या भिंतीवरचा ताण साधारण २७५ मेगापास्कलवरून ३३३ वर जातो. म्हणून छिद्र लहान बरं. पण फार लहान केलं तर डिझेल अडतं. छिद्र निम्मं केलं, तर तेवढंच डिझेल ढकलायला दाबाचा फरक किमान सोळापट लागतो. आणि भिंतीवरचा हा ताण एकसारखा राहत नाही. प्रत्येक इंजेक्शनला दाब खाली-वर होतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या चारस्ट्रोक इंजिनात एका इंजेक्टरवर हे मिनिटाला किमान १,००० वेळा घडतं. आतल्या पृष्ठभागावर केसाएवढी चीर असेल, तर ती हळूहळू वाढत पाईप फोडते.

यावर एक सुंदर उपाय आहे, ऑटोफ्रेटाज. पाईप इंजिनावर बसवण्याआधीच तिच्यात कामाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. आतला थर कायमचा किंचित ताणला जातो, बाहेरचा मात्र स्प्रिंगसारखा मागे येतो आणि आतल्याला आवळून धरतो. मग इंजिन चालताना आतल्या थराला आधी ते आवळणं संपवावं लागतं, नंतर कुठे ताण सुरू होतो. चिरेला उघडायला वावच राहत नाही. जाडी न वाढवता बळ वाढवायची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

आता लांबी. पाईप जितकी आखूड तितकी जागा कमी, हे खरं. पण आखूड पाईप ताठ असते. रेल आणि इंजेक्टर यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर लांब पाईप तो वाकून सोसते. आखूड पाईप मुंडीला बैठकीत तिरकी बसवते. वर्तुळ एका बाजूला जास्त दाबलं जातं, दुसऱ्या बाजूला कमी. गळती सुरू होते ती त्या कमी बाजूने. म्हणून चांगल्या रचनेत जागा कितीही तंग असली, तरी एखादं वळण मुद्दाम ठेवलेलं असतं. ते वळण फार तीव्रही चालत नाही, कारण वाकवताना पाईप अंडाकृती होते.

उलट पाईप लांब झाली की थरथरते. मग क्लॅम्प लागतो. दुरुस्तीनंतर तो परत न लावलेली इंजिनं दिसतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. तो क्लॅम्प शोभेचा नाही, पाईप मुंडीच्या मानेपाशी तुटू नये म्हणून आहे.

काही इंजिनांत बाहेरची पाईप सिलिंडर हेडपाशीच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणापाशीच संपते. कमिन्सच्या ५.९ लिटर कॉमन रेल इंजिनात हेडच्या बाजूने एक सरळ, ताठ नळी आत जाऊन इंजेक्टरला टेकते. अतिशय आटोपशीर. तिथली गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. डिझेल हेडमधूनच रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या वाटेला जातं, बाहेर सगळं कोरडं, आणि इंजिन स्टार्ट व्हायला वेळ लावतं. अशा वेळी रिटर्नचं डिझेल मोजा. आणि इंजेक्टर व नळी कोणत्या क्रमाने, किती टॉर्कने आवळायची, ते मॅन्युअलप्रमाणेच करा. इंजेक्टर आधी पक्का करून टाकला, तर नळी नीट टेकत नाही.

जहाजावर गळतीचा अर्थ आग. म्हणून सोलास या आंतरराष्ट्रीय करारात पंप ते इंजेक्टरच्या बाहेरच्या पाईपला दुहेरी भिंत सक्तीची आहे. आतली फुटली तर डिझेल बाहेरच्या आवरणात अडतं, तिथून एका जागी जमा होतं आणि अलार्म वाजतो. १९९८ पूर्वीच्या जहाजांनाही १ जुलै २००३ पर्यंत हे करायला लावलं. शिवाय २२० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापणारे आणि गळतीचं इंधन पोचू शकेल असे भाग झाकावे लागतात. अपघातांतून शिकून केलेले नियम आहेत हे.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आणि या मनापासून सांगतोय. गळणारा जोड दिसला की आणखी आवळायचा मोह होतो. तसं केलं की मुंडी चपटी होते, वर्तुळ रुंद होतं, पकड पसरते. इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, जोड उघडा, मुंडी आणि बैठक बघा. मुंडीवर ओरखडा असेल तर पाईप बदला. बऱ्याच कंपन्या एकदा सोडवलेली पाईप पुन्हा वापरूच नका म्हणतात.

दुसरी गोष्ट. जुन्या इंजिनात एअर काढायला नट सैल करून स्टार्टर मारायची सवय असते. कॉमन रेलवर हे करू नका. आणि गळती शोधताना हात कधीही पाईपजवळ नेऊ नका. त्या दाबाची बारीक धार हातमोज्यातून कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत डिझेल पसरत जातं आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, तो ओला होतो का बघा. आणि कुणाला धार लागलीच, तर मलमपट्टी करून कामाला लावू नका, त्याच क्षणी हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, उच्च दाबाचं डिझेल आत गेलंय.