पाच हजार मीटरवरची काजळी

सकाळचे सहा. नेपाळचं खुंबू खोरं, लोबुचे वस्तीच्या थोडं वर. हवा इतकी स्वच्छ, की समोरच्या नुप्त्से शिखराची भेग न् भेग मोजावी.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेले पुण्या-मुंबईचे कितीतरी ट्रेकर या वाटेने जातात. वाट सोडून जरा आत गेलं, की काचेचा एक पिरॅमिड दिसतो. इटलीच्या संशोधकांनी तो १९९० साली उभारला. त्याच्या शेजारच्या टेकाडावर, ५,०७९ मीटरवर, २००६ पासून हवा मोजली जाऊ लागली.

हवेतली काजळी मोजणारं तिथलं यंत्र जवळून पाहू. आत फिल्टरची पांढरी फीत आहे. नळीतून बाहेरची हवा ओढली जाते, फितीतून जाते, आणि हळूहळू तिथे करडा ठिपका धरतो. कंदिलाच्या काचेवर धरते तीच ही काजळी. ठिपक्यावर प्रकाश पडतो. त्यातला किती गिळला गेला, त्यावरून काजळी किती ते कळतं.

पहिल्या दोन वर्षांची सरासरी निघाली घनमीटरला १६० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शहराच्या मानाने नगण्यच. पण पावसाळ्यात हा आकडा ५० च्या आसपास उतरतो, आणि पावसाआधीच्या उन्हाळ्यात ३०० च्या वर जातो.

गावं इतकी खाली, मग काजळी इथे येते कशी?

दुपारी कळतं. उन्हाने उतार तापतात, हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिच्यामागून अख्ख्या खोऱ्याचा वारा वर येतो. सोबत चुलींचा, वीटभट्ट्यांचा, डिझेलचा, वणव्यांचा धूर. गंगेच्या मैदानावर उन्हाळाभर साचलेला.

वाटेवरच्या लॉजमध्ये याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात, हे खरं. पण सगळा दोष त्या शेगड्यांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. कारण धुराच्या या दिवसांत काजळीबरोबर ओझोनही वाढतो, आणि ओझोन काही शेगडीतून निघत नाही. लांबच्या प्रवासात, धुरातल्या वायूंवर ऊन पडून तो तयार होतो.

काजळी बर्फावर बसली, की एरवी ऊन परतवणारा बर्फ ते शोषू लागतो. वितळायला लागतो. याच बर्फाचं पाणी खाली दूधकोसी नदीला जातं.

चार वाजले. खोऱ्यातून धुरकं वर सरकतंय, नुप्त्सेच्या भेगा पुसट झाल्यात. यंत्रातली फीत पुढे सरकते. नवी पांढरी जागा हवेसमोर येते.