बाटलीला काय विचारता, अळीला विचारा

नमस्कार मंडळी. फळ्यावर जो विषय लिहिलाय तो आयोजकांचा, 'जलप्रदूषकांचा गोड्या पाण्यातील प्राण्यांवर व नदीच्या परिसंस्थेवर होणारा परिणाम', एका दमात वाचला तर धाप लागते. त्यावर मी बोलणार आहे, नक्की बोलणार आहे, पण आधी माझं एक जुनं दुखणं सांगू द्या. आणि पुढच्या रांगेतली मंडळी टेबलावरच्या पांढऱ्या ट्रेमधे वाकून बघायला लागलीच आहेत, बघा बघा, फक्त ट्रे हलवू नका, आतल्यांना त्रास होतो.

तर दुखणं असं की नदी कशी आहे हे विचारायचं झालं की आपण बाटली भरतो. लॅबला पाठवतो, आकडे येतात, फाइलला लागतात. आता बाटली वाईट नाही हं, मी आयुष्यभर बाटल्याच भरल्यात. पण बाटली म्हणजे त्या एका क्षणाचा फोटो. लग्नाच्या फोटोत सगळे हसतातच, त्यावरून संसार कसा चाललाय ते कळतं का? (हशा) विवाहितांनी जास्त हसू नये.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट आहे. एका नदीचा संथ पट्टा, नदीचं नाव सांगत नाही, प्रत्येकाला ती आपलीच वाटेल. तिथे उन्हाळ्यात अधूनमधून सकाळी मासे मेलेले दिसायचे. ओरड झाली की नमुना घ्यायला गाडी यायची, पण ती कधी, तर ऑफिस उघडून, सह्या होऊन, ड्रायव्हर सापडून, म्हणजे बाराच्या आसपास. रिपोर्ट यायचा की विरघळलेला ऑक्सिजन उत्तम. लोक म्हणायचे, म्हणजे रात्री कोणीतरी विष टाकतंय. कोण टाकतंय यावरून दोन गट, दोघांची बोलाचाली बंद. आमच्या सरांनी काहीच मत दिलं नाही, माझ्या हातात ऑक्सिजन मीटर दिला आणि म्हणाले, आज रात्रभर काठावर बस आणि दर तासाला आकडा लिहून काढ.

सोबत एक मित्र होता, तो नऊपर्यंत निसर्गप्रेमी होता आणि साडेनऊला झोपला. दुपारी ३ वाजता मीटर लिटरला साडेतेरा मिलिग्रॅम दाखवत होता. आता २८ अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून विरघळून विरघळून पावणेआठ-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, मग हे जास्तीचं कुठून आलं? मला वाटलं मीटर बिघडला, दोनदा कॅलिब्रेट केला, तेच. संध्याकाळी नऊ मिलिग्रॅम. मध्यरात्री चार मिलिग्रॅम. पहाटे साडेचारला दीडच्याही खाली. आणि तेव्हा आवाज यायला लागला, टपटप, टपटप, मला वाटलं पाऊस. टॉर्च मारला तर सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं, मासे वरच्या पातळ थरातलं, हवेला लागून असलेलं पाणी कल्ल्यांवरून ओढत होते. खेकडे पाण्याबाहेर येऊन ओल्या दगडांवर बसले होते, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यासारखे. डास तेवढे उत्तम प्रकृतीचे होते.

विष नव्हतंच कोणी टाकत. म्हणजे टाकत होतो सगळेच, पण दिवसाढवळ्या. सांडपाणी आणि शेतातलं खत, त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस, त्यावर माजलेलं शेवाळ. दिवसा ऊन असताना ते इतका ऑक्सिजन सोडतं की पाण्यात मावत नाही. रात्री तेच शेवाळ आणि तळाची घाण कुजवणारे जिवाणू, दोघं मिळून सगळा ऑक्सिजन ओढून घेतात. त्यात पाणी गरम, म्हणजे मुळात साठा कमी. शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे जो रिपोर्टमधला 'उत्तम' होता ना, तोच आजाराचं लक्षण होता! दुपारी इतका जास्त ऑक्सिजन म्हणजे पहाटे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला गाडी आली. मी न झोपलेल्या डोळ्यांनी वही पुढे केली. साहेब भला माणूस होता, वही सगळी वाचली आणि म्हणाला, "छान केलंयत, पण आमच्या फॉर्मवर ऑक्सिजनला एकच रकाना आहे." त्या रकान्यावर माझा अजून राग आहे. घरचे म्हणतात सोडून दे आता.

मग सरांनी मला नदीतला एक दगड उलटा करायला लावला. तुम्हीही करून बघा, करून झाल्यावर दगड होता तसा ठेवा. चांगल्या वाहत्या पाण्यातला दगड उलटला की मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याच्या अळ्या सरपटत पळतात, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवत. तशाच स्टोनफ्लाय किड्यांच्या असतात, त्यांच्या काही जाती दोन-तीन वर्षं अळी म्हणूनच काढतात. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण रेशमाने चिकटवून स्वतःला नळीसारखं घर बांधते, गवंडीकाम असं की आपण लाजावं. ही मंडळी त्याच जागी महिनोन्‌महिने राहतात, नदीच्या वेगाने पळून जाऊ शकत नाहीत. म्हणजे मागच्या आठवड्यात रात्री २ ला कोणी काही सोडलं असेल तर बाटलीला ते माहीत नाही, पाणी वाहून गेलं, पण अळीने ते सोसलेलं असतं. ती नसली तर तिचं नसणं हाच रिपोर्ट.

हे माझं डोकं नाही हं. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन माणसांनी १९०८-०९ मधेच कुठला जीव किती घाणीत राहतो याच्या याद्या केल्या. ब्रिटनमधे पुढे मार्क द्यायची पद्धत आली, नाजूक मेफ्लाय-स्टोनफ्लायच्या कुळांना १०, लाल अळ्या असतात त्या कायरोनोमिड, म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या कुळाला २, गाळातल्या गांडुळासारख्या कृमींना १. लाल का, तर अंगात हिमोग्लोबिन, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं, म्हणून ऑक्सिजन संपत आला तरी तग धरतात. पण एक चूक सगळे करतात, लाल अळी दिसली की नदी मेली म्हणतात. तसं नाही, ती सगळीकडेच असते थोडीफार. फक्त तीच दिसली तर मग काळजी करायची.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. म्हणजे मूळ विषय सुरू करायला हरकत नाही. (हशा)

भराभर सांगतो. पहिला अमोनिया. सांडपाण्यातून येतो, पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि एक कल्ल्यांतून आत शिरणारं विषारी. २५ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी रूप अर्धा टक्क्याच्या आसपास, तेच पीएच ९ झाला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आणि पीएच चढवतं कोण, तर तेच आपलं शेवाळ, दुपारी कार्बन डायऑक्साइड खाऊन. म्हणजे माशाला दुपारी अमोनिया गाठतो आणि पहाटे गुदमरणं, इकडे आड तिकडे विहीर.

दुसरं, मारत नाही पण कामातून घालवतं असं. लिटरला काही मायक्रोग्रॅम तांबं असलं तरी सामन माशाच्या पिल्लांचं नाक बधिर होतं. जखमी माशाच्या कातडीतून सुटणाऱ्या वासावरून बाकीचे मासे लपतात, तो वासच येत नाही, मग ते बिनधास्त फिरतात आणि खाल्ले जातात. मेलेला मासा तरंगत नाही कुठे, तो दुसऱ्याच्या पोटात असतो, मग तक्रार कोण करणार? कॅनडात ऑन्टारिओमधे संशोधनासाठी राखलेल्या एका तळ्यात २००१ ते २००३ तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, सोडलं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम, नॅनो म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाच्या नरांमधे अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तिथली त्यांची वस्ती जवळजवळ संपली. सोडणं बंद केल्यावर काही वर्षांनी परत आली, हेही सांगायला हवं.

तिसरं, यादीतच नसलेलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की शहरातल्या ओढ्यांमधे चढलेले कोहो सामन अंडी घालायच्या आतच तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं शोध चालला, नेहमीच्या यादीतलं सगळं तपासलं, काही सापडेना. २०२० मधे उलगडलं की टायरच्या रबराला तडे जाऊ नयेत म्हणून जे रसायन घालतात ते ओझोनशी मिळून ६पीपीडी-क्विनोन होतं, तेच हे. आणि चम नावाच्या भाऊबंद सामनला त्याने फारसं काही होत नाही! एक मासा मरतो, शेजारचा मजेत. अशा वेळी 'माशांना सुरक्षित पातळी' म्हणजे कुठल्या माशाला ते विचारत जा.

परिसंस्था राहिली, दोन मिनिटांत बसवतो. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना-परांना चिकटून काही दिवस काढतात. मासे गेले की शिंपल्यांना पिल्लं नाहीत, पण म्हातारे शिंपले टिकतात, काही जाती शंभर वर्षंही. मोजणीत संख्या छान दिसते आणि गावात शाळेत जाणारं एक पोर नसतं. तसंच पडलेली पानं कुरतडणाऱ्या अळ्या कीटकनाशकाने गेल्या तर पानं तशीच पडून राहतात, त्यांच्या चुऱ्यावर जगणारे खालच्या अंगाचे जीव उपाशी, आणि पंख फुटून उडणारे कीटक नसले की काठावरचे कोळी, पक्षी, वटवाघळं उपाशी. नदीचं दुखणं असं कोरड्यावर चढतं.

ऱ्हाईनचं सांगतो आणि संपवतो. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधे बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. जगभर बातमी. पण तळाचे बरेचसे किडे पुढच्या एक-दोन वर्षांत परतले, कारण वरच्या अंगाला आणि उपनद्यांमधे ते शिल्लक होते आणि तो एकदाचाच घाव होता. रोज थोडं थोडं सोडलेलं असतं ना, त्यात परतायला वेळच मिळत नाही, आणि बातमीही होत नाही. यावर खरं तर अर्धा तास हवा होता, तो त्या रकान्याने खाल्ला.

बरं, घंटा झाली. प्रश्न ट्रेजवळ उभं राहून विचारा. त्यात डावीकडे कोपऱ्यात वाळूच्या नळीतून डोकं काढतेय ना, तिला बोट लावू नका, पाणी तापायच्या आत मला तिला तिच्या दगडाखाली परत सोडायचंय.