पहिली कयाक : आधी उचलून बघा

सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी सहाला मासेमारीची ही कयाक, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी होडी, निघाली. लांबी दहा फूट, वजन तीस किलोच्या आत. लिफ्टमध्ये ती मावत नाही, म्हणून भिंतीशी आडवी बांधून ठेवलेली असते. गाडीच्या टपावर चढवायची रीत बघा : पुढचं टोक आधी मागच्या कॅरियरवर टेकवायचं, मग शेपटाकडून उचलून पुढे सारायचं. एकट्याला जमतं, वजन आवाक्यातलं असेल तर.

पानशेतचं बॅकवॉटर, मे महिना. पावसाळ्यानंतर इथे पाणी असतं, आता भेगाळलेला गाळ आहे. पानशेत-वरसगावचं पाणी खाली खडकवासल्यात सोडतात, तिथून ते पुण्याच्या नळांना आणि कालव्याला जातं. उन्हाळाभर काठ मागे मागे जातो. गाडी तिथे, पाणी इथे. मधलं सगळं अंतर कयाक खांद्यावर.

दुकानात नवखा माणूस रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी अडकवायच्या खाचा, मोजतो. आमचं कळकळीचं सांगणं आहे, आधी ती उचलून बघा, चार पावलं चाला. पायाने चालवायची पेडलवाली कयाक पाण्यात सुरेख चालते, गळासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. पण तिचं वजन सहज चाळीस किलोच्या पुढे जातं. हवेची कयाक पलंगाखाली राहते, मात्र वाऱ्यावर भरकटते, आणि काठावर बाभळीचे काटे आहेतच.

पहिल्यांदा घेताना सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर उघड्यावर बसायची कयाक घ्यावी. तळाला ही भोकं दिसतात ना, आत आलेलं पाणी त्यांतूनच निघून जातं. उलटली तरी पुन्हा वर चढता येतं. रुंदी तीस इंचांच्या वर हवी. बोट किती स्थिर आहे त्याची परीक्षा ही अशी : दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात सोडून बसायचं. बोट कलते, थांबते. रुंद बोटीला वल्हंही लांब लागतं, साधारण २४० सेंटिमीटर; आखूड असलं तर दर फेरीला हाताची बोटं कडेवर आपटतात. कयाक किती वजन पेलते त्या क्षमतेच्या आकड्यात तुमचं वजन, सामान, बर्फाचा डबा सगळं आलं. त्यातलं दोन-तृतीयांशच वापरा.

लाइफ जॅकेट अंगात घालूनच उतरायचं. पाण्यात उतरायला परवानगी आहे का, ते जलसंपदा विभागाकडे विचारायचं. अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांनाही आधी विचारायचं आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहायचं. दुपारी वारा सुटायच्या आत काठ गाठायचा, कारण परतताना हाच गाळ पुन्हा चढायचा आहे.