दहापैकी कितवी पायरी?

[दृश्य : सकाळ. पर्वतीच्या पायऱ्या चढणारी माणसं.]

पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. आपल्याला दहाच पुरेत. दहावीवर तुमच्या मनातलं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाशी शून्यावर वाईटात वाईट. आज तुम्ही कुठं उभे आहात?

गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे लोक जगभर हेच विचारतात, फक्त पर्वतीऐवजी शिडी म्हणतात. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून जागतिक आनंद अहवालाची क्रमवारी लागते. 2025 मध्ये फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला. 147 देशांत भारत 118वा.

[दृश्य : हिंजवडी, संध्याकाळ. हलता न हलणाऱ्या गाड्या.]

पैशाचा खेळ म्हणावा, तर तसंही नाही. पैसा लागतोच, तळाशी असलेल्या अफगाणिस्तानला ते सांगायला नको. पण याच यादीत अमेरिका 24वी आणि दरडोई उत्पन्नात तिच्या जवळपासही नसलेला कोस्टा रिका सहावा. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्येच हे कोडं मांडलं होतं : एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा समाधानी दिसतो, पण अख्खा देश श्रीमंत झाला म्हणून समाधान त्या मानानं वाढत नाही. यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत. आपला पगार आपण आजोबांच्या पगाराशी थोडाच ताडून बघतो? समोरच्या फ्लॅटमधल्याशी बघतो.

[दृश्य : सदाशिव पेठेतली मेस. स्पर्धा परीक्षेची मुलं. पाण्याच्या जगला टेकवलेला मोबाइल, समोर एकट्याचं ताट.]

हे ताटसुद्धा अहवालात आलंय. 2023 मध्ये अमेरिकेत दर चौघांतल्या साधारण एकानं आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्यानं उरकली होती. चारचौघांत बसून जेवणारे लोक शिडीवर वर असतात. अडचणीत हाक मारावी असं कुणी आहे का, हा प्रश्न तर दरवर्षीचाच. उत्तर फक्त हो किंवा नाही.

[दृश्य : लक्ष्मी रोड, गर्दी.]

आणि पाकीट. इथं ते पडलं आणि शेजाऱ्याला सापडलं, तर परत येईल? अनोळखी माणसाला सापडलं तर? पोलिसाला? गॅलपनं तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले. 'येईल' म्हणणारे जास्त समाधानी निघाले. संशोधकांनी मुद्दाम पाकिटं 'हरवूनही' पाहिली, तेव्हा लोकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाकिटं परत आली.