बोडीच्या काठचं गवत आणि यकृतातला चपटा कृमी

पशुपालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

जंताचं औषध पाजलं तरी म्हैस अंग धरत नाही, दूध घटतं, जबड्याखाली पाण्याची सूज उतरते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ही तक्रार नेहमीची. औषधाला दोष देण्याआधी ते कोणत्या जंतावरचं होतं आणि कोणत्या महिन्यात पाजलं, एवढं आठवून बघा.

या तक्रारीमागे यकृतात राहणारा यकृतकृमी असू शकतो. त्याची आपल्याकडची जात फॅसिओला जायगँटिका. अंगानं चपटा, अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब, मुक्काम पित्तनलिकेत. त्याची अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि शेणातून बाहेर येतात. शेण कोरड्या जागी वाळलं तर अंडी मरतात. बोडीत म्हणजे छोट्या तलावात किंवा धानाच्या बांधीत पडलं, तर कोमट पाण्यात दोन-अडीच आठवड्यांत सूक्ष्म अळी निघते. तिच्या हाती जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात लिम्निया गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते.

या गोगलगायीचा शंख पातळ आणि फिकट तपकिरी. टोक वर, तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे आणि चांगलं पसरट दिसेल. चकलीसारखा चपट्या वेटोळ्याचा शंख असेल तर ती जात वेगळी. तीही निरुपद्रवी नाही, पण आजचा विषय तो नाही.

गोगलगायीच्या पोटात एका अळीच्या शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, गवताच्या नि धानाच्या बुडाशी चिकटतात, शेपटी टाकून कोष करतात. काही कोष पाण्यावर तरंगतात, म्हणून नुसतं बोडीचं पाणी पिऊनही लागण होते. पाणी ओसरू लागलं की धोका वाढतो. उन्हाळ्यात तर शिवारात हिरवं उरतं ते तलावाच्या काठालाच, आणि जनावरं नेमकी तिथे तोंड घालतात.

कोष पोटात गेला की पिल्लू-कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो आणि कित्येक आठवडे ते पोखरत फिरतो. अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. तोवर शेणतपासणीत काही सापडत नाही आणि इकडे मेंढ्या अचानक दगावतात. पुढेही तपासणीला शेण देताना यकृतकृमीचा संशय आहे हे सांगा. ही अंडी जड असतात, तळाच्या गाळात शोधावी लागतात; मिठाच्या पाण्यावर तरंगवण्याच्या पद्धतीत निसटतात.

आता औषध. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवरचं, या कृमीवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड पित्तनलिकेतले मोठे कृमी मारतं, यकृतात फिरणारी पिल्लं त्यातून वाचतात. ट्रायक्लाबेंडॅझोल दोन्हींवर चालतं. गाई-म्हशींत मात्रा वजनाच्या किलोला 12 मिलिग्रॅम. अंदाजपंचे वजन धरलं की मात्रा कमी पडते, म्हणून टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलो मिळतात. घेर 66, लांबी 50 असेल तर वजन 330 किलो. औषध जवळपास 4 ग्रॅम. दुभत्या-गाभण जनावराला कोणतं चालेल आणि दूध किती दिवस वापरायचं नाही, हे मात्र पशुवैद्यकांनाच विचारा.

एक मात्रा पावसाळ्याच्या तोंडावर द्या, म्हणजे पहिल्या सरीबरोबर अंडी बोडीत उतरणार नाहीत. दुसरी डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा यकृतात पिल्लू-कृमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून ट्रायक्लाबेंडॅझोलच बरं. उन्हाळ्यात जनावरं तलावकाठी चरली असतील तर पहिल्या मात्रेलाही तेच.

शेवटी वैरणीचं. ओलं शेण थेट बांधीत टाकू नका. खड्ड्यात नीट कुजलं की आतल्या उष्णतेनं अंडी मरतात. धानाचा बुडखा वैरणीत घेऊ नका, कोष जास्त तिथेच असतात. कापणी थोडी वरून करा आणि तणीस म्हणजे धानाचा पेंढा कडक उन्हात खडखडीत वाळवून मगच रचा. काठचं हिरवं गवत कापून आणलं तरी ओलंच टाकू नका. आणि पाणी पाजायचं ते विहिरीचं किंवा हातपंपाचं, गोठ्याजवळच्या टाक्यात भरून.